सरपटणाऱ्यांचा कोशकार : जॉर्ज अल्बर्ट बुलांजे

साप म्हटला की आपल्याकडे दोनच गोष्टी सुचतात. एक काठी आणि दुसरी नागपंचमीची पूजा. या दोहोंच्या मध्ये तिसरीही एक गोष्ट असू शकते, ती म्हणजे सापाच्या अंगावरचे खवले मोजून वहीत टिपून ठेवणे, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. हे काम आयुष्यभर केलेल्या, आणि केवळ सापांचेच नव्हे तर पाली, सरडे, घोरपडी, कासवे, मगरी, बेडूक आणि मासे यांचेही केलेल्या एका माणसाची ओळख या लेखात करून द्यावयाची आहे. त्यांचे नाव जॉर्ज अल्बर्ट बुलांजे.

मी मराठी विषयाचा विद्यार्थी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. ग्रंथालयात सापांवरचे एक पुस्तक सहज चाळत असताना लॅटिन नावांच्या शेवटी एकच नाव पुन्हा पुन्हा दिसू लागले, आणि कुतूहल वाटून मी एका प्राध्यापकांना विचारले. त्यांनी सांगितले की प्राण्याच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी, ते नाव प्रथम ज्याने ठेवले त्याचे आडनाव लिहिण्याची रीत आहे. पुढे तो प्राणी दुसऱ्या प्रजातीत हलवला गेला तर ते आडनाव कंसात जाते. पण पुसले जात नाही. बारसे करणाऱ्या आत्याचे नाव जन्मभर बाळाला चिकटून राहावे, तसाच हा प्रकार. मग हे बुलांजे कोण, ज्यांनी इतकी बारशी केली? त्याचा शोध घेता घेता हा लेख झाला.

बुलांजे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८५८ रोजी बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथे झाला. वडील गुस्ताव्ह बुलांजे हे दस्तऐवज नोंदविणारे सरकारमान्य अधिकारी होते. कागदावरची प्रत्येक नोंद चोख हवी, हा संस्कार घरातच असावा असे मुलाचे पुढचे आयुष्य पाहून वाटते. १८७६ साली त्यांनी ब्रुसेल्सच्या विद्यापीठातून निसर्गविज्ञानाची पदवी घेतली आणि तेथील निसर्गविज्ञान संग्रहालयात ते साहाय्यक म्हणून काम करू लागले. त्यांचा पहिला लेख १८७७ सालचा आहे. तेव्हा त्यांना विशीही लागली नव्हती. आपल्यापैकी पुष्कळांचा पहिला लेख याच वयात महाविद्यालयाच्या वार्षिकात छापून येतो. फरक इतकाच की बुलांजे पुढे थांबले नाहीत.

त्यांच्या तरुणपणची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १८७८ साली बेल्जियममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणीत जमिनीखाली ३२२ मीटर खोलीवर प्रचंड हाडे सापडली. ती इग्वानोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय सरपटणाऱ्या प्राण्याची होती. एक-दोन नव्हे, अनेक सांगाडे तेथे एकत्र मिळाले. इंग्लंडमध्ये सापडलेला इग्वानोडॉन शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होता, आणि हाही तोच असे धरून चालले होते. बुलांजे यांनी त्रिकास्थीचे मणके मोजले. इंग्लंडच्या प्राण्यात ते पाच, तर बेर्निसारच्या प्राण्यात सहा भरले. तेव्हा ही जाती निराळी आहे असे म्हणून त्यांनी तिला नवे नाव सुचविले आणि १८८१ साली आपला निबंध बेल्जियमच्या राजेशाही अकादमीपुढे ठेवला. परीक्षक व्हान बेनेडेन या नामांकित प्राध्यापकांना ते पटले नाही आणि निबंध छापला गेला नाही. परंतु परीक्षकांचा अभिप्राय मात्र छापला गेला, आणि त्यात ते नाव आले होते. नियमाप्रमाणे तेवढे पुरेसे ठरले. ज्या अभिप्रायाने निबंध नाकारला, त्याच अभिप्रायाने नाव अमर केले. पुढे २००० साली प्राण्यांच्या नामकरणाचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने बेर्निसारचीच जाती इग्वानोडॉनची प्रमाणभूत जाती म्हणून मान्य केली. वाद मताचा असला तरी मोजलेला मणका खोटा ठरत नाही, हा धडा बुलांजे यांनी त्या वयातच घेतला असावा.

हा निकाल लागला तेव्हा त्यांच्या आयुष्याला निराळे वळण मिळालेले होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्बर्ट ग्युंटर हे मूळचे जर्मन विद्वान प्राणिविभागाचे प्रमुख होते. त्यांनी १८८० साली बुलांजे यांना बोलावून घेतले. संग्रहातल्या उभयचर प्राण्यांची, म्हणजे बेडूक आणि त्यांच्या गोतावळ्याची, सूची करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. ती सरकारी नोकरी असल्यामुळे बुलांजे यांना ब्रिटिश नागरिकत्व पत्करावे लागले. एका माणसाने बेडकांची यादी करण्यासाठी देश बदलला, हे वाक्य ऐकायला गमतीचे वाटते. पण ते अक्षरशः खरे आहे.

ते दिवस संग्रहालयाच्या स्थलांतराचे होते. ब्लूम्सबरीतल्या जुन्या जागेतून निसर्गविज्ञानाचे संग्रह साऊथ केन्सिंग्टनच्या नव्या भव्य वास्तूत हलविले जात होते. ही वास्तू १८८१ साली लोकांसाठी उघडली. मद्यार्कात बुडवून ठेवलेल्या प्राण्यांच्या बरण्या आगीच्या भयाने मुख्य इमारतीपासून अलग अशा इमारतीत ठेवल्या होत्या. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून लष्करी डॉक्टर, चहामळेवाले, मिशनरी, वनाधिकारी असे नाना तऱ्हेचे लोक साप, पाली, बेडूक बरण्यांत घालून पाठवीत. पाठविणाऱ्याला त्या प्राण्याचे नाव ठाऊक असेच असे नाही. ती बरणी उघडून, प्राणी बाहेर काढून, हा कोण, हे ठरवायचे काम लंडनच्या एका टेबलावर होत असे.

हे काम किती कठीण, हे समजण्यासाठी आपल्याच भाषेकडे पाहावे. पाण्यातल्या एकाच निरुपद्रवी सापाला कोणी दिवड म्हणतो, कोणी विरोळा, तर कोणी नुसता पाणसाप. उलट, आग्या मण्यार हे नाव कोण कोणत्या सापाला लावील याचा नेम नसतो. शास्त्रज्ञांची लॅटिन नावे हा घोळ मिटविण्यासाठी जन्मली, पण त्यांनीही आपला घोळ केलाच. एकाच सापाला पॅरिसमध्ये एक, बर्लिनमध्ये दुसरे आणि फिलाडेल्फियात तिसरे नाव मिळे. पिलाला एक नाव, नराला दुसरे. शब्दकोश करणाऱ्या मोल्सवर्थ साहेबांपुढे गावोगावचे मराठी शब्द येऊन पडले तेव्हा कोणता शब्द स्वतंत्र आणि कोणता नुसता उच्चारभेद, हे त्यांना एकेक करून ठरवावे लागले असेल. बुलांजे यांचे काम याच जातीचे होते. त्यांच्याआधी पॅरिसमध्ये द्युमेरील आणि बिब्राँ यांनी १८३४ पासून १८५४ पर्यंत खपून सरपटणाऱ्या प्राण्यांचा नऊ खंडांचा ग्रंथ सिद्ध केला होता; बिब्राँ तर तो पुरा होण्याआधीच, १८४८ साली वारले. पण त्यानंतरच्या काळात नव्या जातींचा पूर लोटला आणि तो ग्रंथ मागे पडला.

बुलांजे यांनी कामाला हात घातला तो असा. १८८२ साली उभयचरांच्या सूचीचे दोन खंड बाहेर पडले. १८८५ ते १८८७ या काळात पाली-सरड्यांचे तीन खंड. १८८९ साली कासवे, मगरी आणि न्यूझीलंडमधला ट्युआटारा यांचा एक खंड. हा ट्युआटारा सरड्यासारखा दिसत असला तरी सरडा नव्हे, हे ग्युंटर यांनीच १८६७ साली दाखवून दिले होते. मग सापांचे तीन खंड, १८९३, १८९४ आणि १८९६ साली. म्हणजे वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षापासून अडतिसाव्या वर्षापर्यंत नऊ खंड. नाव संग्रहालयाच्या सूचीचे असले तरी त्यांनी केवळ संग्रहातल्या बरण्यांची मोजदाद केली नाही. जगात तोपर्यंत माहीत झालेली प्रत्येक जाती त्यांत घेतली, मग ती लंडनला असो वा नसो. पृथ्वीवरच्या समस्त सरपटणाऱ्यांची एवढी साद्यंत नोंद एकट्या माणसाने त्यानंतर पुन्हा केलेली नाही.

या खंडांतली एक नोंद कशी असते ते पाहू. आधी मान्य नाव. मग त्याच प्राण्याला इतरांनी दिलेली सर्व नावे, कोणी, कोठे, कोणत्या पानावर दिली या तपशिलासह. मग वर्णन : डोक्यावरच्या ढालीसारख्या खवल्यांची मांडणी, ओठांवरचे खवले किती, शरीराच्या मध्यावर पाठीच्या खवल्यांच्या रांगा किती, पोटावरचे आडवे खवले किती, शेपटीखालचे किती, दात कसे. घोणस घ्या. तिच्या अंगावर मध्यभागी २७ ते ३३ रांगा असतात. रंग फिका पडला, नक्षी पुसट झाली, तरी रांगा मोजता येतात. अखेरीस प्रदेश आणि संग्रहातल्या प्रत्येक नमुन्याची यादी, तो कोणी दिला या नोंदीसह. अलंकार नाही, विशेषण नाही, मी नाही, माझे नाही. अशी पानांमागून पाने.

बुलांजे यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. एकदा पाहिलेला नमुना आणि एकदा वाचलेले नाव ते विसरत नसत. ते हाताने लिहीत आणि बहुधा पहिलाच खर्डा छापखान्यात जाई. त्यात खाडाखोड फारच थोडी असे. फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी ते बोलत. स्पॅनिश आणि इटालियन वाचत. थोडी रशियनही त्यांना येई. ग्रीक आणि लॅटिन तर नावे ठेवण्यासाठी लागतच. शिवाय ते व्हायोलिन वाजवीत. बरण्यांच्या उग्र वासात दिवस काढणारा माणूस संध्याकाळी तारा जुळवीत बसला आहे, हे चित्र आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना जवळचे वाटावे.

पण सूचीकाराचे काम नुसत्या मोजणीचे नसते. ते निवाड्याचेही असते, आणि निवाडा देणाऱ्याला मित्र कमी असतात. दोन नावे एकाच प्राण्याची ठरली की धाकटे नाव रद्द होते, आणि ते ठेवणारा हयात असतो. अशा कात्रीत ग्युंटर यांनी ठेवलेली काही नावेही सापडली. ज्यांनी नोकरी दिली त्यांच्याच जुन्या सूचीवर हात चालवायचा होता. बुलांजे यांनी तो चालविला, आणि ग्युंटर यांच्या मोठेपणाची गोष्ट अशी की काम चालूच राहिले. अमेरिकेतले एडवर्ड कोप यांच्याशी असलेले नाते याहून मनोरंजक आहे. सरड्यांची कुळे ठरविताना कोप यांनी सांगाड्यावरून केलेली मांडणी बुलांजे यांनी मोकळेपणाने स्वीकारली. मात्र सापांच्या बाबतीत, नराच्या जननेंद्रियाच्या रचनेवरून वर्गवारी करावी हे कोप यांचे म्हणणे त्यांनी मानले नाही. ते दातांवर आणि कवटीवर भर देत राहिले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. या वादात काळाने कौल बुलांजे यांच्या बाजूने दिला नाही. विषाच्या दातांच्या जागेवरून त्यांनी केलेले सापांचे गट पुढे कृत्रिम ठरले आणि मोडीत निघाले. जातींच्या बाबतीतही तसेच झाले. आपला दहाचा आकडा मिरविणारा नाग, बंगालकडचा फणीवर एकच वर्तुळ असलेला नाग, आणि पूर्वेकडे चीन व मलायापर्यंतचे बहुतेक नाग त्यांनी एकाच जातीखाली घातले आणि भेद नुसते प्रकार म्हणून नोंदविले. हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नव्हता. अल्बेर काल्मेत या फ्रेंच संशोधकाने १८९० नंतरच्या दशकात नागाच्या विषावर प्रतिविष तयार केले, तेव्हा ते सर्वच सापांवर चालेल अशी त्यांची समजूत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे हाफकिन संस्था झालेल्या ठिकाणी, जॉर्ज लॅम्ब यांनी दाखवून दिले की नागाच्या विषावरचे औषध घोणसच्या विषावर चालत नाही. म्हणजे कोणता साप कोणता, ही यादी चुकली तर तिची किंमत शेतात अनवाणी चालणारा माणूस मोजतो.

मग प्रश्न असा की ज्याची वर्गवारी पुढच्यांनी मोडली, त्याची चाळीस वर्षे वाया गेली काय?

मला वाटते, नाही. आणि याचे कारण त्यांच्या मोजणीत आहे. १९८० नंतरच्या काळात शास्त्रज्ञांनी आशियातल्या नागांची फेरतपासणी केली आणि एका जातीच्या अनेक जाती झाल्या. आज आशियात नागाच्या दहाच्या आसपास जाती मानल्या जातात. पण ही फेरतपासणी संग्रहालयांतल्या बरण्या पुन्हा उघडूनच झाली, आणि तपासणाऱ्यांनी पुन्हा खवलेच मोजले. बुलांजे यांनी आपले मत सांगून पुरावा झाकून ठेवला असता तर त्यांची चूक शोधणेही अवघड झाले असते. त्यांनी मत एका बाजूला आणि मोजलेले आकडे दुसऱ्या बाजूला असे निरनिराळे लिहून ठेवले. मत पडले, आकडे उभे आहेत. आपली चूक दुसऱ्याला सापडावी अशा रीतीने लिहिणे, हा विद्वत्तेचा फार मोठा प्रामाणिकपणा आहे असे मी समजतो.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आहे. ब्रँफर्ड नव्हे, ब्लॅनफर्ड यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतला सरपटणारे आणि उभयचर प्राण्यांचा खंड बुलांजे यांनी १८९० साली लिहिला. हिंदुस्थान, सिलोन आणि ब्रह्मदेश असा त्याचा विस्तार होता, आणि १९३१ पासून १९४३ पर्यंत माल्कम स्मिथ यांचे तीन खंड येईपर्यंत तोच आधार होता. त्याच्याही आधी, १८८८ साली, त्यांनी माथेरानहून आलेल्या एका लहानशा बेडकाचे वर्णन करून त्याला मुंबईत वैद्यकीय सेवेत असलेल्या डॉ. लीथ यांचे नाव दिले. सह्याद्रीच्या जंगलात पावसाळ्यात पालापाचोळ्यात उड्या मारणारा हा बेडूक आता निराळ्या प्रजातीत गेला आहे. म्हणून बुलांजे हे नाव त्याच्यापुढे कंसात लिहितात. माथेरानच्या लाल वाटेवरून सहलीला गेलेल्या आपल्या किती जणांनी त्याला पाहिले असेल, आणि नाव न विचारता पुढे गेले असतील!

१८९४ साली बुलांजे रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पण नोकरीत मात्र १८८२ साली मिळालेल्या पहिल्या श्रेणीच्या साहाय्यकाच्या जागेवरच ते १९२० पर्यंत राहिले. सूचीचे खंड संपल्यावर ते मुख्यतः माशांकडे वळले. काँगो नदीच्या खोऱ्यातून येणाऱ्या माशांवर त्यांनी लिहिले, आणि १९०९ ते १९१६ या काळात आफ्रिकेच्या गोड्या पाण्यातल्या माशांची सूची चार खंडांत पुरी केली. १९२१ पर्यंत त्यांचे ८७५ लेख प्रसिद्ध झाले होते. त्यांनी नव्याने वर्णन केलेल्या जातींचा हिशेब असा : मासे १,०९६, उभयचर ५५६, सरपटणारे ८७२, एकूण २,५२४. त्यांच्या लेखनाची यादी आणि या नावांची अनुक्रमणिका मिळून ७७ पाने भरतात.

निवृत्त झाल्यावर ते बेल्जियमला परतले आणि प्राण्यांकडे पाठ फिरवून गुलाबांकडे वळले. बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्स्वा क्रेपँ यांनी जन्मभर जमविलेला वाळवलेल्या रानगुलाबांचा संग्रह ब्रुसेल्सला होता. बुलांजे यांनी तो हाती घेतला आणि १९२४ ते १९३२ या काळात युरोपातल्या गुलाबांवर दोन खंड लिहिले. विषय बदलला, रीत बदलली नाही; खवल्यांच्या जागी काटे आणि पाकळ्या आल्या इतकेच. १९३७ साली बेल्जियमने त्यांना लिओपोल्ड सन्मान दिला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला फ्रान्समधील सँ-मालो येथे ते वारले.

त्यांच्यानंतर एकट्याने हे ओझे उचलणारा कोणी निघाला नाही. जाती वाढत गेल्या, नियतकालिके वाढत गेली, आणि छापलेली सूची बाहेर पडेपर्यंत जुनी होऊ लागली. अखेर १९९५ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे पेटर युट्स या जीवशास्त्रज्ञाने संगणकाच्या जाळ्यावर जगातल्या सरपटणाऱ्यांची नोंदवही उघडली. मोजक्या लोकांच्या चिकाटीवर ती आजही चालू आहे आणि कोणालाही फुकट पाहता येते. २०१४ साली तिच्यातल्या जातींनी दहा हजारांचा टप्पा ओलांडला. आता त्या बारा हजारांहून अधिक आहेत. या नोंदवहीतली एखादी नोंद उघडून पाहिली तर चेहरा ओळखीचा वाटतो : मान्य नाव, इतर नावे, ती कोणी कोठे दिली, प्रदेश, मूळ नमुना कोणत्या संग्रहालयात आहे. बुलांजे यांच्या खंडांतलाच साचा, फक्त कागद गेला आणि पडदा आला. आणि सरपटणाऱ्या जातींना नावे देणाऱ्यांत आजही बुलांजे अग्रस्थानी आहेत.

फरक एकच आहे, पण तो मोठा आहे. बुलांजे यांचा खंड छापून झाला की बंद होत असे. ही वही कधीच बंद होत नाही. चूक आज सापडली तर उद्या दुरुस्त होते. एका माणसाच्या स्मरणशक्तीने जे तोलून धरले होते ते आता अनेकांनी मिळून धरले आहे.

आपल्याकडे ज्ञानकोशकार केतकरांविषयी आपण आदराने बोलतो, पण कोशाचे पान उलटताना कोशकाराची आठवण क्वचितच काढतो. सूचीकाराचे भाग्य असेच असते. त्याचे काम जितके चांगले, तितका तो वाचकाच्या नजरेआड जातो. पुढच्या पावसाळ्यात शेताच्या बांधावर एखादा साप दिसला आणि कोणी त्याचे नाव बिनचूक सांगितले, हा विषारी नव्हे, मारू नका असे म्हटले, तर त्या नावामागे कोणीतरी दिव्याखाली बसून खवले मोजलेले आहेत एवढे आपण ध्यानात ठेवावे. तो साप वाचला तर त्याच्या वाचण्यात बुलांजे यांचाही थोडा वाटा आहे.